फ्रेंच ऱ्हासवादी वाङ्मयांतील स्वैराचारी नायक आणि क्रौर्य

इसवी सन १७८५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ तारखेस पॅरिस येथील बॅस्टिलच्या तुरुंगांत एका कैद्यानें कागदाच्या अरुंद पट्ट्या एकीस एक चिकटवून त्यांवर अत्यंत बारीक अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला. रोज सायंकाळीं सात वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत तो लिहीत असे. ३७ दिवसांनीं त्यानें लेखणी खालीं ठेवली तेव्हां सुमारें १२ मीटर लांब, जेमतेम ११-१२ सेंटिमीटर रुंद व दोन्ही अंगांनीं लिहिलेलें असें एक भेंडोळें तयार झालें होतें. जुन्या जन्मपत्रिकांचीं भेंडोळीं ज्यांनीं उलगडलीं आहेत त्यांस या वस्तूचें रूप निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. लेखकाचें नांव मार्की द साद, आणि ग्रंथाचें नांव 'सदोमचे १२० दिवस'.

हें भेंडोळें पुढें कोणाकोणाच्या हातीं गेलें ती हकीकत मोठी चमत्कारिक आहे व ती आम्ही शेवटीं देणार आहों. परंतु हा लेखक ज्यांचा पूर्वज मानला जातो त्या फ्रेंच ऱ्हासवादी लेखकांची ओळख आधीं करून घेतल्यावांचून त्या हकीकतींतील मर्म ध्यानांत येणार नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: सादच्या ग्रंथांत क्रौर्य हा एक सिद्धान्त होता, त्यानंतर शंभर वर्षांनीं झालेल्या लेखकांच्या हातीं त्या सिद्धान्ताची नुसती रुचि उरली, आणि त्यांचा स्वैराचारी नायक हा तत्त्ववेत्ता न राहतां संग्राहक बनला. हा शेवटचा शब्द या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांस लागू पडणारा आहे. म्हणूनच हा विषय येथें मांडणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

ज्यास आम्ही स्वैराचारी म्हणतों त्यास फ्रेंच भाषेंत 'लिबर्तँ' असा शब्द आहे. तो मूळचा लॅटिन असून दास्यांतून मुक्त केलेला मनुष्य हा त्याचा पहिला अर्थ. सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मपीठाचें बंधन न मानणाऱ्या विचारवंतांस तो निंदार्थानें लावूं लागले, आणि अठराव्या शतकांत तो विषयासक्त सरदारांवर स्थिरावला. मुक्त झालेला दास, मुक्त विचाराचा पुरुष व मुक्त आचाराचा धनिक, अशा पायऱ्या हा शब्द उतरला. संस्कृतांतील 'विट' हा त्यास प्रतिशब्द म्हणून योजण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. कामसूत्रांतील विट हा भोगांत वैभव गमावून बसलेला परंतु गुणवान् पुरुष आहे; १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या चतुर्भाणींतील विट तर रिकाम्या कनवटीचा, बोलका व मनानें हळवा. फ्रेंच स्वैराचाऱ्याजवळ पैसा असतो, एकांत असतो आणि दुसऱ्याच्या देहावर सत्ता असते. आपल्या नाटकांत त्याचा जवळचा आप्त शोधावयाचा तर मृच्छकटिकांतील शकार घ्यावा लागेल. पण तोही अर्धाच जुळतो. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो तो तिनें झिडकारल्याच्या संतापानें. राजाच्या या मेहुण्यास राग येतो, भीति वाटते, आणि तो मूर्खही आहे. आलंकारिकांनीं रौद्र रसाचा स्थायी भाव क्रोध सांगितला, बीभत्साचा जुगुप्सा. ज्या क्रौर्यांत क्रोधही नाहीं व जुगुप्साही नाहीं, जें शांतपणें, हिशेबानें आणि आवडीनें केलें जातें, त्यास आपल्या रसव्यवस्थेंत आसन दिलेलें नाहीं. नेमकें तेंच क्रौर्य हा या फ्रेंच वाङ्मयाचा विषय होय.

सादच्या भेंडोळ्याच्या आधीं तीनच वर्षें, १७८२ सालीं, लाक्लो नांवाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें 'घातक संबंध' ही पत्ररूप कादंबरी प्रसिद्ध केली. पत्रव्यवहार संपादणाऱ्यांस तींत एक मौज सांपडेल. संपादक म्हणून जो पुढें येतो तो हीं पत्रें खरीं असल्याचें भासवितो, आणि प्रकाशक त्याच्याही आधींच्या पानावर तीं खरीं नसावींत असें सुचवून मोकळा होतो. या कादंबरींतील वाल्माँ रक्त सांडीत नाहीं. त्याचें शस्त्र पत्र, आणि त्याचा विजय म्हणजे एका सुशील स्त्रीचें मन मोडणें. साद यानें हा दिवाणखाना सोडून नायकांस किल्ल्यांत नेलें.

'१२० दिवस' या ग्रंथांत चार नायक आहेत: एक ड्यूक, एक बिशप, एक न्यायाधीश व एक सावकार. चौदाव्या लुईच्या युद्धांवर हे लोक गबर झालेले आहेत. सत्तेचीं चार अंगें लेखकानें मुद्दाम निवडलीं आहेत हें सांगावयास नको. ब्लॅक फॉरेस्टमधील एका दुर्गम किल्ल्यांत ते स्वतःस कोंडून घेतात, दिनचर्येचे नियम लिहून काढतात, आणि चार वृद्ध कुट्टनी रोज ठराविक कथा सांगतात. अशा विकृतींची एकंदर संख्या ६००, त्यांचे वर्ग चार, प्रत्येकांत दीडशें. पहिलाच भाग विस्तारानें लिहिला गेला. उरलेले तीन नुसत्या टिपणांच्या रूपांत आहेत. आणि अखेरीस जमाखर्च: किल्ल्यांत असलेल्या ४६ जणांपैकीं ३० मारलीं गेलीं, १६ परत आलीं. कारकुनानें कोठीची शिल्लक मांडावी तशी ही मांडणी आहे. ग्रंथांतील वर्णनें आम्ही येथें देत नाहीं. ज्याच्या मनांत कुतूहल असेल त्याचें तें पन्नास पानांत फिटून कंटाळा सुरू होईल असा आमचा अनुभव आहे.

या नायकांचीं, आणि सादच्या 'झ्युस्तीन' (१७९१) व 'झ्युलिएत' या इतर ग्रंथांतील पात्रांचीं, भाषणें मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखीं आहेत. सृष्टि स्वतःच संहार करिते. मग संहार करणारा मनुष्य सृष्टीच्या नियमाबाहेर कसा? बलवान् दुर्बलास खातो हाच निसर्गाचा क्रम. मग दया हीच विकृति कां म्हणूं नये? असा हा पूर्वपक्ष पृष्ठामागून पृष्ठें चालतो, आणि सिद्धान्तपक्ष मांडणारा कोणी समोर उभाच केलेला नसतो. कित्येक टीकाकार येथें चार्वाकाचें नांव घेतात. तें अन्यायाचें आहे. ऋण काढून तूप प्यावें एवढ्यावरच चार्वाकाची मजल थांबते. दुसऱ्यास पीडा देण्यांत सुख आहे असें त्याच्या शत्रूंनींही त्याच्या माथीं मारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

भाषणें कागदावरचीं, परंतु साद यानें कागदाबाहेरही कांहीं केलें होतें, आणि इतिहाससंशोधकांनीं तेथें डोळेझांक करूं नये. ३ एप्रिल १७६८ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, त्यानें पॅरिसच्या एका चौकांत भीक मागणाऱ्या रोझ केलेर नांवाच्या विधवेस काम देतों असें सांगून आर्कुइ येथील आपल्या घरीं नेलें, कोंडलें व चाबकानें मारलें. ती खिडकींतून उतरून पळाली आणि तिनें आपली जबानी दिली. सरदारास कांहीं महिन्यांची कैद झाली व बाईस पैसे देऊन तक्रार मागें घ्यावयास लावलें. जबानी मात्र उरली. सादच्या तत्त्वज्ञानावर शेंकडों ग्रंथ झाले. त्या सर्वांच्या तळाशीं ही एका भिकारणीची जबानी आहे हें ज्यानें ध्यानांत ठेविलें, त्याचें वाचन फारसें वांकडें जाणार नाहीं.

आतां कालक्रमाचा एक मुद्दा. एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच लेखकांवर सादचा परिणाम मोठा होता यांत वाद नाहीं. बायरन व साद हे आधुनिक लेखकांचे दोन मोठे स्फूर्तिदाते आहेत, असा शेरा सँत-बव्ह या टीकाकारानें १८४३ सालींच मारला होता. परंतु 'सदोमचे १२० दिवस' हा ग्रंथ १९०४ पर्यंत छापलाच गेला नव्हता. ऱ्हासवाद्यांच्या टेबलावर असावयाचीं तीं 'झ्युस्तीन' व 'झ्युलिएत' हीं पुस्तकें. भेंडोळ्यांतील अमुक प्रसंगाचें अनुकरण अमुक कादंबरींत झालें अशीं विधानें अधूनमधून वाचावयास मिळतात. तीं करणाऱ्यांनीं प्रकाशनाचें साल पाहिलेलें नसतें.

'ऱ्हास' हा शब्दही पोथ्यांच्या वासाचा आहे. देझिरे निझार यानें १८३४ सालीं ऱ्हासकालीन लॅटिन कवींवर एक विवेचक ग्रंथ लिहिला व त्या कवींच्या निमित्तानें आपल्याच काळच्या कवींस टोले दिले. शिवी म्हणून आलेला हा शब्द पुढें लोकांनीं पदवी म्हणून मिरविला. बोदलेरच्या 'पापाचीं फुलें' या संग्रहावर १८५७ सालीं खटला होऊन त्यांतील सहा कविता वगळाव्या लागल्या (ती बंदी १९४९ सालीं उठली). १८६८ च्या आवृत्तीस गोतिए यानें जी प्रस्तावना लिहिली तींत ऱ्हासकालीन शैलीचें प्रथमच मनमोकळें समर्थन झालें. १८७० सालीं प्रशियाकडून पराभव, पुढल्याच वर्षीं पॅरिस कम्यूनचा रक्तपात. आपण साम्राज्याच्या संध्याकाळीं जगत आहों ही भावना सुशिक्षितांत पसरण्यास एवढें पुरेसें होतें. १८८६ सालीं तर बाजू नांवाच्या गृहस्थानें 'ल देकादां' या नांवाचें नियतकालिकच काढलें.

त्याच्या दोन वर्षें आधीं, १८८४ सालीं, झो. का. युइस्मांस याची 'आ रबूर' ही कादंबरी निघाली होती. नांवाचा अर्थ 'उलट्या रोखानें'. देझेसँत हा एका जुन्या घराण्याचा शेवटला अंकुर पॅरिस सोडून फोंतने येथें एकटा राहतो व निवडक वस्तूंचा संग्रह करतो. त्याच्या ग्रंथालयाचें वर्णन वाचतांना कोणाही पोथीप्रेमी मनुष्याचे डोळे लकाकतील. व्हर्जिल व सिसरो यांचा त्यास कंटाळा. पेट्रोनियस, अपुलेयस आणि पुढच्या मोडत्या लॅटिनचे लेखक हे त्याचे आवडते. कालिदास-भवभूति माळ्यावर टाकून कोणी उत्तरकालीन चित्रबंधकारांचींच बाडें उराशीं धरावींत, तसा हा प्रकार. गालिच्याचे रंग खुलावेत म्हणून तो एका जिवंत कांसवाच्या पाठीवर सोनें चढवितो व रत्नें जडवितो. कांसव तें ओझें न सोसून मरतें. देझेसँत यास त्यांत क्रौर्य केल्याचें ध्यानींही येत नाहीं.

याच पुस्तकांतील ओग्यूस्त लांग्ल्वा या पोराचा प्रसंग आम्हांस साऱ्या ऱ्हासवादी वाङ्मयाची किल्ली वाटतो. रस्त्यांत भेटलेल्या या सोळाएक वर्षांच्या गरीब मुलास देझेसँत एका उंची कुंटणखान्यांत नेतो व पुढील भेटींचे पैसे आगाऊ भरून ठेवतो. हेतु असा, कीं मुलास त्या ऐषारामाची चटक लागावी, मग पैसे बंद व्हावेत, आणि तो चोर व अखेरीस खुनी बनावा. मुलाशीं त्याचें वैर नाहीं, लोभ नाहीं, वासनाही नाहीं. हा एक प्रयोग आहे. पुढें कधींमधीं तो वर्तमानपत्रांत त्या पोराचें नांव शोधतो. तें कोठेंच दिसत नाहीं, आणि आपली फसवणूक झाली असें त्यास वाटतें. एवढेंच. सादच्या ड्यूकनें येथें वीस पानें व्याख्यान दिलें असतें. देझेसँत सिद्धान्त मांडीत बसत नाहीं, कारण त्यास कोणास पटवून द्यावयाचें नाहीं. त्याच्या संग्रहांत एक खुनी हवा होता, तो मिळाला नाहीं.

दृष्टि एकदां येथें बसली म्हणजे बाकीचे ग्रंथ भराभर ओळखूं येतात. व्हिलिए द लील-आदां याच्या १८८८ च्या कथासंग्रहांत एक धर्मन्यायाधीश कैद्यास पळून जाऊं देतो तो केवळ बाहेरच्या दारापाशीं त्यास प्रेमानें मिठींत घेण्यासाठीं; आशा हीच तेथें यातना. राशील्द या चोवीस वर्षांच्या स्त्रीनें लिहिलेल्या व ब्रसेल्स येथें १८८४ सालीं छापलेल्या 'मस्यू व्हेन्यूस' मध्यें स्वैराचारी नायक ही एक उमराव स्त्री आहे. कृत्रिम फुलें करणाऱ्या एका गरीब तरुणास ती बाहुल्याप्रमाणें ठेवते, आणि तो द्वंद्वांत मेल्यावर त्याची मेणाची प्रतिमा करविते. तिचे केस, दांत व नखें मात्र त्या मृताचीं खरीं. संग्राहकाची हाव याहून पुढें जाऊं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं. बार्बे दोरव्हिलीच्या १८७४ च्या कथांवरही खटल्याचें सावट आलें व प्रती जप्त झाल्या. त्याचे पापी लोक मात्र कट्टर कॅथॉलिक श्रद्धेच्या छायेंत पाप करतात. युइस्मांसनें 'आ रबूर' मध्यें याच लेखकाच्या निमित्तानें म्हटलें आहे, कीं सादपंथी क्रौर्य हें धर्मश्रद्धेचें अनौरस अपत्य होय. ज्यास देव नाहीं त्यास देवाची विटंबना करण्यांत गोडी कसली?

मिर्बो याचें 'यातनांचें उद्यान' (१८९९) थोडें निराळें पडतें. कँटन येथील तुरुंगाच्या बागेंत, जेथें फुलांस मेलेल्या कैद्यांचें खत मिळतें, क्लारा नांवाची इंग्रज बाई यातना पाहण्यास नियमानें जाते. चीन येथें पॅरिसच्या कल्पनेंतला आहे. लेखक तेथें कधीं गेला नव्हता, आणि आपल्या घरचें क्रौर्य पूर्वेकडे नेऊन टांगण्याची युरोपीय संवय या पुस्तकांत आहेच. पण मिर्बोस ती ठाऊकही आहे. ड्रायफस प्रकरण पेटलेलें असतां लिहिलेलें हें पुस्तक त्यानें धर्मगुरु, सैनिक, न्यायाधीश आणि माणसांवर राज्य करणारे यांसच उपरोधानें अर्पण केलें. चीनकडे जाणाऱ्या जहाजावर एक इंग्रज अधिकारी ज्या नव्या गोळीची रसिकतेनें तारीफ करतो ती आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमची. अंगांत शिरल्यावर पसरणाऱ्या त्या गोळीस हेग येथील परिषदेनें त्याच वर्षीं बंदी घातली. सरकारच संग्राहक झालें म्हणजे काय होतें, हें मिर्बोनें या चार पानांत दाखविलें. बाग वाचून विसरली जाते, तें जहाज विसरत नाहीं.

युइस्मांसकडे पुन्हां वळणें भाग आहे, कारण १८९१ सालच्या 'ला-बा' या त्याच्या कादंबरींत आपल्या धंद्याचा मनुष्य नायक आहे. द्युर्ताल हा लेखक जिल द रे याचें चरित्र जुन्या कागदांवरून लिहूं पाहतो. जिल हा जोन ऑफ आर्कच्या बाजूनें लढलेला सरदार. १४२९ सालीं तो फ्रान्सचा मार्शल झाला. स्वतःचें प्रार्थनामंदिर, गायकवृंद आणि नाट्योत्सव यांवर त्यानें इतकी उधळपट्टी केली, कीं १४३५ सालीं राजानें त्यास मालमत्ता विकण्याची मनाई केली. १४४० च्या शरदांत नांत येथें त्याच्यावर मुलांच्या हत्यांचा खटला झाला आणि २६ ऑक्टोबर रोजीं त्यास फांशी देण्यांत आलें. युइस्मांसच्या मतें हा पंधराव्या शतकांतला देझेसँतच होय, आणि येथें कादंबरीकारानें आपल्याच पूर्वीच्या नायकावर आरोपपत्र ठेविलें असें आम्ही समजतों.

खटल्याचीं दप्तरें दोन आहेत. धर्मन्यायालयाचें लॅटिनमध्यें, दिवाणी न्यायालयाचें फ्रेंचमध्यें. धर्मगुरु बॉसार यानें जिलचें चरित्र लिहिलें, त्याच्या १८८६ च्या आवृत्तींत हीं कागदपत्रें छापलीं गेलीं व युइस्मांसनें त्यांचा भरपूर उपयोग केला. त्यांत कबुलीजबाब आहे तो छळाची धमकी दिल्यानंतरचा. ब्रिटनीच्या ड्यूकचा डोळा जिलच्या जमिनींवर होता हेंही खरें. म्हणून कित्येक अलीकडील लेखकांनीं साराच खटला बनावट ठरविण्याचा प्रयत्न केला आहे. आमचें मत त्यांच्या बाजूस झुकत नाहीं. त्याचें कारण कबुलीजबाबांत नसून फ्रेंच दप्तरांतील साक्षींत आहे. एकामागून एक गरीब आईबाप येतात आणि सांगतात, कीं मूल भीक मागावयास सरदाराच्या वाड्यावर गेलें, तें परत आलें नाहीं. अमक्याचें मूल अमक्या दिवसापासून दिसत नाहीं. अलंकार नाहीं, आक्रोशाचें वर्णन नाहीं, आणि माणसें गांवोगांवचीं. असली सपाट भाषा बनावट करण्यास जी प्रतिभा लागते ती ड्यूकच्या कारकुनांत होती असें मानणें जड जातें. युइस्मांसचीं या भागांतील पानें त्याच्या सर्व लेखनांत आम्हांस श्रेष्ठ वाटतात. संग्राहकाच्या हातीं अखेर दप्तर पडलें, आणि ओग्यूस्त लांग्ल्वाचें नांव वर्तमानपत्रांत शोधणाऱ्या माणसाची लेखणी मुलांचीं नांवें उतरून घेऊं लागली.

आतां भेंडोळ्याची हकीकत. ४ जुलै १७८९ च्या पहांटे साद यास बॅस्टिलमधून एकाएकीं शारांतों येथें हलविलें. सामान मागेंच राहिलें. दहा दिवसांनीं जमावानें तुरुंग फोडला. भेंडोळें नष्ट झालें अशा समजुतीनें साद जन्मभर हळहळला व १८१४ सालीं मेला. तें नष्ट झालेलें नव्हतें; आर्नू द सँ-माक्सिमँ नांवाच्या मनुष्यास कोठडींत तें सांपडलें होतें, व पुढें एका सरदार घराण्यांत तीन पिढ्या तें राहिलें. उलट सादच्या उतारवयांतील 'फ्लोरबेलचे दिवस' या मोठ्या ग्रंथाचें हस्तलिखित पोलिसांनीं जप्त केलें होतें, तें त्याच्या मरणानंतर खुद्द मुलाच्या विनंतीवरून जाळलें गेलें. टिपणांची एक वही तेवढी वांचली. लावण्यांच्या बाडांतील 'असभ्य' पानें गाळून छापण्याची रीत आपल्याकडेही होती, तेव्हां त्या मुलास फार नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तरीही आमचा कौल जाळण्याच्या विरुद्ध आहे. रोझ केलेरची जबानी ठेवावयाची तर तिला मारणाऱ्याचे कागदही ठेविले पाहिजेत; एक पक्ष जाळला कीं दुसरा अफवा ठरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभास भेंडोळें जर्मनींत विकलें गेलें, आणि बर्लिनचा वैद्य इवान ब्लोख यानें टोपणनांवानें १९०४ सालीं तें छापलें; वाचन चुकांनीं भरलेलें होतें. १९२९ सालीं मोरिस हैन यानें सादच्या वंशांतील नोआय कुटुंबासाठीं तें परत फ्रान्सला आणिलें व १९३१ ते १९३५ या काळांत शुद्ध आवृत्ति काढली. १९८२ सालीं विश्वासानें एका प्रकाशकाच्या हातीं दिलेलें हें भेंडोळें सरहद्दीपार गेलें व स्वित्झर्लंडमधील एका संग्राहकानें विकत घेतलें. फ्रेंच न्यायालयानें तें परत देण्यास सांगितलें. स्विस न्यायालयानें १९९८ सालीं खरेदी प्रामाणिक ठरविली. २०१४ सालीं हस्तलिखितांचा व्यापार करणाऱ्या पॅरिसच्या एका कंपनीनें त्यासाठीं ७० लक्ष युरो मोजले. पुढल्याच वर्षीं ती कंपनी बुडाली. २०१७ सालीं लिलावांतून काढून त्यास राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर करण्यांत आलें, आणि २०२१ सालीं ४५ लक्ष ५० हजार युरोंस, एका दात्याच्या देणगींतून, तें फ्रेंच राष्ट्रानें घेतलें.

तें आतां पॅरिसच्या आर्सनाल ग्रंथालयांत आहे. बॅस्टिलच्या तुरुंगाचें जुनें दप्तर, म्हणजे कैद्यांच्या नोंदी, हुकूम व चौकशीचे कागद, तेंही याच ग्रंथालयांत ठेविलेलें आहे.